दारिद्र्याची मोजदाद आणि आपली साक्ष

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज मी निवडलेला विषय आपणांपैकी काहींना कोरडा वाटण्याचा संभव आहे. विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून दारिद्र्यावर आणि सामाजिक विषमतेवर जो अभ्यास होतो, त्याचा आपल्याशी काय संबंध, हा तो विषय होय. ज्यांनी दारिद्र्य भोगले त्यांना ते आकड्यांतून समजावून घेण्याची गरज काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी माझ्या धंद्याच्या भाषेत देतो. कोर्टात उभा राहिलेला फिर्यादी कितीही खरा असला, तरी नुसत्या त्याच्या अश्रूंवर निकाल होत नाही. तारीख सांगावी लागते, जागा दाखवावी लागते, साक्षीदार आणावा लागतो, कागद दाखल करावा लागतो. समाजाच्या गाऱ्हाण्याचेही तसेच आहे. ज्या दुःखाची नोंद नाही, ते दुःख राज्यकर्त्यांच्या लेखी घडलेलेच नसते.

माझ्या लहानपणचा एक प्रसंग सांगतो. एका दुपारी शहरातील महाविद्यालयाचा एक विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन आमच्या वस्तीत आला. घरात माणसे किती, जमीन किती, गुरे किती, दिवसातून किती वेळा जेवता, असे प्रश्न तो घरोघर विचारीत होता. माझ्या आईने त्याला घोंगडी टाकून बसावयास दिले, पाणी दिले, आणि आम्ही दोन्ही वेळा पोटभर जेवतो असे सांगितले. त्याने तसे लिहून घेतले. त्या दिवशी घरातला पिठाचा डबा रिकामा होता. संध्याकाळी शेजारून पीठ उसने आणले तेव्हा चूल पेटली. मी आईला विचारले, खोटे का सांगितलेस? ती म्हणाली, "परक्या माणसापुढं घरची लाज कशाला काढायची?"

आईची भावना मला आजही समजते. परंतु पुढे कायद्याचे शिक्षण घेताना माझ्या ध्यानात आले की, त्या एका उत्तराने आमचे घर दरिद्री कुटुंबांच्या यादीतून वगळले गेले. गरिबी तशीच राहिली आणि तिचा पुरावा मात्र नाहीसा झाला. आजचे माझे सारे म्हणणे या प्रसंगाभोवती आहे.

"किती?" हा पहिला प्रश्न

आपल्याकडे दारिद्र्याच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात फार जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपाल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या गावी १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती, आणि बहुसंख्य कुटुंबांचा खर्च उत्पन्नातून भागत नव्हता. खेड्यातील शेतकरी सुखी आहे, या समजुतीला त्या मोजदादीने धक्का दिला.

त्या काळी अनेक तज्ज्ञ म्हणत असत की, जमिनीचे तुकडे हाच रोग आहे. तुकडे जोडले की शेतकरी सावरेल. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतीच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेताचा आकार लहान आहे की मोठा, हे नुसते एकर मोजून ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती आहे आणि राबणारे हात किती आहेत, यावर ते ठरते, असे त्यांनी दाखविले. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत, त्यांच्या हातांना काम नाही, सबब उद्योगधंदे वाढविल्यावाचून शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. एक जातीचा अभ्यास आणि दुसरा जमिनीचा. या दोन अभ्यासांना जोडणे, म्हणजे दारिद्र्य आणि जात यांचा एकत्र विचार करणे, हे काम पुढच्या अभ्यासकांवर येऊन पडले. ते होण्यास फार काळ लागला.

स्वातंत्र्यानंतर "दारिद्र्यरेषा" हा शब्द प्रचारात आला. माणसाला जगण्यापुरते अन्न मिळण्यासाठी महिन्याकाठी किती खर्च लागतो तो काढावयाचा, आणि त्याहून कमी खर्च करणारी माणसे किती, हे मोजावयाचे, अशी ती पद्धत. १९७१ साली पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी या पद्धतीने हिशेब मांडला. १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्न घेण्याइतकाही खर्च करता येत नव्हता, असे त्यांना आढळले. त्यांनी उपाय सुचविला तो सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा. लगेच पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या मजुरांनी काम मागितले, आणि १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. अभ्यासकांनी दाखविले आणि मजुरांनी मागितले, तेव्हा कायदा झाला. या दोहोंपैकी एकच गोष्ट घडली असती तर काय झाले असते, याचा विचार आपण करावा.

"कोण?" आणि "का?" हे पुढचे प्रश्न

तथापि दारिद्र्यरेषेला एक मोठी मर्यादा आहे. रेषेखाली किती माणसे आहेत हे ती सांगते. तीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे का राहतात, हे ती सांगत नाही. भूमिहीन मराठा मजूर आणि भूमिहीन महार मजूर यांची मजुरी एकच असली, तर ती रेषा दोघांना सारखेच गरीब ठरविते. पण एकाला गावच्या विहिरीवर पाणी मिळते, अडीनडीला उसने धान्य मिळते, मुलाला दुकानात काम मिळते. दुसऱ्याला यांतील प्रत्येक दार ठोठावावे लागते. हा फरक खर्चाच्या तक्त्यात उमटत नाही.

हा फरक शोधण्याचा एक जुना प्रयत्न मुंबई इलाख्यात झाला होता. १९२८ साली सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० साली आला. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावू म्हटले की गावकरी काम बंद करतात, वाट बंद करतात, दुकानदार माल देत नाही, आणि पोट त्यांच्याच हाती असल्यामुळे हक्क कागदावर राहतो, हे त्या समितीने नोंदविले. बहिष्कार हे शस्त्र दारिद्र्याच्या जोरावरच चालते, ही त्या अहवालाची शिकवण होय.

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पन्नास वर्षांनंतर ती खरोखर नष्ट झाली काय? २००१-०२ साली प्रा. घनश्याम शहा, प्रा. सुखदेव थोरात व त्यांचे सहकारी यांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी केली आणि २००६ साली तिचा ग्रंथ निघाला. सुमारे ४८ टक्के गावांत दलितांना पाण्याच्या जागी मज्जाव होता. सुमारे ३८ टक्के गावांत सरकारी शाळेत दलित मुलांना जेवावयास वेगळे बसविले जात होते. "आता कोठे राहिली आहे अस्पृश्यता?" असे विचारणाऱ्याला वाद घालून उत्तर देण्यापेक्षा ही पाहणी दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

नावाची परीक्षा

यावर शहरातील सुशिक्षित मनुष्य म्हणेल, ही गोष्ट खेड्याची झाली. शहरात गुणवत्ता पाहिली जाते. त्याचीही परीक्षा झाली आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील प्रा. पॉल अ‍ॅटेवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिराती निवडल्या आणि त्यांना अर्ज पाठविले. अर्जदारांचे शिक्षण व अनुभव एकसारखे ठेवले. बदलले ते केवळ नाव. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे, एक दलिताचे, एक मुसलमानाचे. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. या प्रयोगाचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता, दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश निघाला.

या प्रयोगाचे महत्त्व वकिलाला चटकन कळते. एखाद्या तरुणाला नोकरी नाकारली गेली आणि ती जातीमुळे नाकारली गेली असे तो म्हणाला, तर त्याला ते सिद्ध करता येत नाही. कंपनी म्हणेल, दुसरा उमेदवार सरस होता. प्रयोगाने ही सबबच काढून घेतली; कारण येथे दुसरा उमेदवार सरस नव्हता, नाव तेवढे निराळे होते. एका माणसाला जे सिद्ध करता आले नाही, ते हजारो अर्जांनी सिद्ध केले.

दुसरा प्रयोग मुलांवरचा आहे, आणि आई-वडिलांनी तो नीट ऐकावा अशी माझी विनंती आहे. उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन विदुषींनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवावयास दिली. ३२१ मुले वरच्या जातींतील आणि ३२१ मुले खालच्या मानलेल्या जातींतील होती. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जातीचा उल्लेख न करता कोडी दिली तेव्हा दोन्ही गटांच्या कामात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण सर्वांदेखत प्रत्येक मुलाचे गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात वाचून दाखविली, की खालच्या मानलेल्या जातींतील मुलांचे काम लक्षणीय घसरले. मुले तीच होती, बुद्धीही तीच होती; मधे आला तो जातीचा पुकारा.

वर्गात जातीच्या नावाने हाक मारणारा शिक्षक मुलाचे काय हिरावून घेतो, हे या प्रयोगाने मोजून दाखविले. आपल्या मुलाला सन्मानाने हाक मारणारे घर, शाळा आणि विहार का हवे, याचेही उत्तर त्यातच आहे. शाळेत जातीवरून मुलाला हिणवले गेले तर "जाऊ दे" म्हणून सोडू नका. त्याची किंमत त्याच्या गुणपत्रिकेत भरावी लागते.

आपण मोजणीतून कसे निसटलो

आता आपल्या घरचाच प्रश्न घेऊ. १९५१ च्या खानेसुमारीत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्याची ती सरकारी नोंद होय. परंतु या नोंदीबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. त्यामुळे ज्याने प्रामाणिकपणे "बौद्ध" असे लिहिले, तो अनुसूचित जातींच्या मोजणीतून बाहेर पडला. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या हक्कांसाठी १९९० च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

परिणाम पाहा. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ साली सुमारे ७.१ टक्के होते. १९९१ साली ते सुमारे ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मत नाहीत. मुख्यतः कायदा बदलला आणि वगळलेली माणसे पुन्हा मोजली गेली. म्हणजेच मधली तीस वर्षे महाराष्ट्रातील "अनुसूचित जातींचे दारिद्र्य" या मथळ्याखाली खानेसुमारीच्या आधारे जे जे लिहिले गेले, त्यात आपल्या लाखो कुटुंबांची चूल नव्हती. अभ्यासकांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. तक्त्यात जो रकाना नाही, त्यातली माणसे त्यांना दिसली नाहीत, इतकेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण पुरावा आपल्या सोयीचा तेवढाच उचलणे हे वकिलाला शोभत नाही आणि बौद्धालाही नाही. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रातील बौद्धांची साक्षरता ८३.१७ टक्के होती, राज्याची ८२.३४ आणि राज्यातील अनुसूचित जातींची सुमारे ७९.७. हा आकडा सभांतून अभिमानाने सांगितला जातो आणि अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण धर्मांतरामुळेच साक्षरता वाढली, असे या एका आकड्यावरून सिद्ध होत नाही. ज्या कुटुंबांनी शिक्षणाचा ध्यास घेतला त्यांनीच धम्म आधी स्वीकारला, असेही असू शकेल. कोणते कारण आणि कोणता परिणाम, हे ठरविण्यासाठी आणखी अभ्यास हवा. भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता पारखून घ्यावयास सांगितले आहे. ते आपल्या आवडत्या आकड्यांनाही लागू आहे.

न्यायालय काय मागते

हा सारा अभ्यास पुस्तकांतच राहतो, असे कोणी समजू नये. २००६ साली नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पदोन्नतीत आरक्षण द्यावयाचे तर राज्याने मोजता येण्याजोगी माहिती पुढे ठेवली पाहिजे. २०१८ साली जर्नैल सिंग खटल्यात अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाचा पुरावा मागण्याची अट न्यायालयाने काढून टाकली, मात्र प्रतिनिधित्व अपुरे असल्याची माहिती देण्याची अट ठेवली. १ ऑगस्ट २०२४ रोजी दविंदर सिंग खटल्यात अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता देताना, असे वर्गीकरण प्रत्यक्ष माहितीवर आधारलेले असावे, असेही न्यायालयाने सांगितले. उपवर्गीकरणाविषयी आपणांत मतभेद आहेत व ते राहतील. पण कोणत्याही बाजूने भांडावयाचे तरी न्यायाधीश विचारणार ते एकच: तुमच्याजवळ माहिती काय आहे? ती माहिती खोटी वा अपुरी असेल, तर तिच्यावर उभा राहिलेला हक्कही डळमळीत होतो.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या खानेसुमारीत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविला. या नोंदीविषयी नवदीक्षित कुटुंबे माझ्याकडे भीतीने विचारणा करतात. "धर्म बौद्ध लिहिला तर जातीचा दाखला जाईल का?" १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध मनुष्य अनुसूचित जातीचा असू शकतो, धर्म बौद्ध आणि जात आपली पूर्वीची अनुसूचित जात, या दोन्ही नोंदी एकत्र राहू शकतात. "जात सोडली, मग ती लिहावयाची कशाला?" हा प्रश्न मनाला भिडणारा आहे. माझे उत्तर असे की, डॉक्टरपुढे रोगाचे नाव सांगितल्याने रोग आपला अभिमान होत नाही. "लिहिलेले कोणी आमच्याविरुद्ध वापरील का?" १९४८ च्या खानेसुमारी कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे प्रगणकाची ती नोंद कोणाला पाहावयास मिळत नाही, आणि त्याच कायद्याखालील खटला सोडला तर ती पुरावा म्हणून दाखल करता येत नाही. त्याच कायद्याने खरे उत्तर देण्याचे बंधन मात्र आपल्यावर घातले आहे.

मोजणारे हात

शेवटी एक गोष्ट. आजवर बहुतेक वेळा आपण मोजले गेलो. मोजणारे दुसरे होते. २००२ साली प्रा. गोपाळ गुरू यांनी समाजशास्त्रांतील समतेवर लिहिलेल्या निबंधात हेच दुखणे मांडले. माहिती गोळा करण्याचे काम एका वर्गाने करावयाचे आणि सिद्धांत दुसऱ्याने मांडावयाचे, अशी ज्ञानाच्या क्षेत्रातही वर्णव्यवस्था आहे, असा त्यांचा आरोप होता. नावाची परीक्षा घेणारा प्रयोग ज्यांनी केला, ते प्रा. थोरात अमरावती जिल्ह्यातून आलेले, आपल्यातलेच. कोणता प्रश्न विचारावयाचा हे ज्याने भोगले आहे त्याला अधिक नेमके ठाऊक असते, याचे ते उदाहरण होय.

म्हणून मी आपणांजवळ तीन गोष्टी मागतो. दारात प्रगणक आला, विद्यार्थी आला, संशोधक आला, तर त्याला बसवा आणि खरे सांगा. रिकामा डबा रिकामा म्हणून सांगा. ती लाज आपली नव्हे. त्याला असेही विचारा की, तुम्ही हे कशासाठी लिहून घेता, आणि अहवाल झाल्यावर त्याची प्रत आमच्या विहारात आणून द्याल का? दुसरी गोष्ट, घरातील कागद जपा. शाळा सोडल्याचा दाखला, मजुरीची नोंद, सात-बारा, नकार आलेल्या अर्जाची प्रत, बहिष्काराच्या तक्रारीची पोच, हे सारे एका पिशवीत ठेवा. तिसरी गोष्ट, आपल्या मुला-मुलींपैकी काहींना तरी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र शिकू द्या. डॉक्टर, इंजिनिअर आणि माझ्यासारखे वकील आपल्यात पुष्कळ झाले. आपल्या समाजाचा हिशेब मांडणारे फार थोडे आहेत.

माझी आई आज हयात नाही. तिने तो डबा झाकून घरची अब्रू राखली, असे तिला वाटले. त्या विद्यार्थ्याच्या कागदावर आमच्या घरापुढे काय लिहिले गेले, ते मला आता बदलता येणार नाही. आपल्या घरापुढे काय लिहिले जावे, ते मात्र आपल्या हाती आहे.

जय भीम.